वीस लिटरचा लोखंडी जेरीकॅन: कंडम घ्यावा की नवा?

खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस आणि ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल, या तिघांना पुरून उरेल तोच जेरीकॅन गोव्यात घेण्यासारखा. दुकानात टांगलेले सगळे सारखेच दिसतात. मिलिटरी हिरवा रंग, वर तीन मुठी, दोन्ही पोटांवर फुलीचा खोल ठसा. पण एक दहा वर्षं जातो आणि दुसरा दुसऱ्याच पावसात बुडाकडून झिरपायला लागतो. म्हापसा, मडगाव, वास्को इथे साधारण तीन प्रकारचा माल मिळतो: लष्कराच्या लिलावातून भंगारवाल्यांकडे आलेला कंडम कॅन, नवा लोखंडी कॅन आणि प्लास्टिकचा. होडीचं आउटबोर्ड इंजिन, घरचा जनरेटर, बागायतीतला पंप किंवा घाटात जाणारी जीप, यांतल्या कशासाठी कोणता घ्यावा हे बघू.

आधी निकाल सांगून टाकतो. पेट्रोलसाठी जाड पत्र्याचा नवा कॅन. पारख करायची सवय असेल तर कंडम, आणि तो नव्यापेक्षाही सरस निघू शकतो. डिझेलसाठी दोन्ही चालतात, फक्त आतून जस्त चढवलेला नको. पाण्यासाठी लोखंड मुळीच नको.

हा डबा असा का बनला हे कळलं की विकत घेताना कुठे बघायचं ते आपोआप कळतं. 1937 च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीत व्हिन्झेन्झ ग्र्युनफोगेल या इंजिनियरने तो आखला. इंग्रज शिपाई जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून हा 'जेरीचा कॅन'. त्या वेळी इंग्रजांकडे होता तो चार गॅलनचा पातळ टिनाचा चौकोनी डबा, म्हणजे आपल्या रॉकेलच्या डब्याचा सख्खा भाऊ. स्वयंपाकघरात तो डबा आयुष्यभर पुरतो, पण ट्रकच्या हौद्यात वाळवंटातून शंभर मैल हादरत गेला की त्याचे सांधे उकलतात. उत्तर आफ्रिकेत अशा डब्यांतलं 30 टक्क्यांपर्यंत पेट्रोल वाटेतच गळून जायचं. रिकामे डबे कापून, त्यात वाळू आणि पेट्रोल घालून शिपाई चहा उकळायचे. तेवढ्या कामाला डबा उत्तम होता.

या कॅनचा भारताशी जुना संबंध आहे. 1939 मध्ये पॉल प्लाइस हा अमेरिकन इंजिनियर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत प्यायचं पाणी ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्या जर्मनाने टेम्पलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातून तीन कॅन उचलले. सहकारी अर्ध्या वाटेवरून परतला. प्लाइस मात्र कॅनसकट कलकत्त्याला पोचला, गाडी तिथे ठेवून अमेरिकेला गेला आणि तिथल्या लष्कराला हा डबा बघा म्हणून सांगत राहिला. पुढे अमेरिकेने नक्कल केली, पण अर्धवट. मुठी आणि माप तेच ठेवलं, मात्र वेल्डिंगच्या जागी पत्र्याची घडी घातली आणि खटक्याच्या झाकणाच्या जागी आट्याचं बूच बसवलं. मग उघडायला पाना लागायचा आणि ओतायला नरसाळं. इंग्रजांनी शहाणपणा केला आणि जर्मन डबा जसाच्या तसा उचलला. आज बाजारात मिळणारा खटक्याचा कॅन त्याच घराण्यातला.

सैन्याने पिंप सोडून कॅन का धरला याचा हिशेब मजेशीर आहे. 200 लिटरचं रिकामं पिंप साधारण 18 किलोचं, म्हणजे लिटरमागे 90 ग्रॅम लोखंड. कॅन रिकामा साडेचार किलोचा, म्हणजे लिटरमागे 225 ग्रॅम. तीन टनी ट्रकमध्ये पिंपं 17 बसतात आणि 3400 लिटर पेट्रोल जातं. कॅन दीडशेच्या आसपास, पेट्रोल 3000 लिटर. म्हणजे दर खेपेला 400 लिटरचा तोटा. तरीही कॅन, कारण भरलेलं पिंप 165 ते 170 किलोचं असतं. ते उतरवायला फळी, दोन-तीन माणसं आणि उपसायला पंप हवा. भरलेला कॅन 20 किलोच्या आत, एका माणसाने उचलून गाडीत ओतायचा. रस्ता आणि पूल शाबूत आहेत तोवर पिंप बरं. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा पोर्तुगीजांनी अस्नोडा आणि डिचोलीचे पूल उडवून दिले होते. अशा ठिकाणी गाडी नदीच्या काठावर थांबते, पुढे जातं ते फक्त माणसाच्या हाताने उचलता येणारं सामान.

1944 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये फ्रान्सात 'रेड बॉल एक्स्प्रेस' या नावाने अमेरिकन ट्रकांची रांग रात्रंदिवस धावली. ऐन भरात जवळपास 6000 गाड्या होत्या आणि दिवसाला 12,500 टन माल पोचायचा. तिथे अडलं ते पेट्रोलवाचून कमी, रिकाम्या कॅनवाचून जास्त. शिपाई ओतून झालं की कॅन शेतात फेकून द्यायचे. शेवटी फ्रेंच शाळकरी मुलांना बक्षिसं लावून ते गोळा करावे लागले. सोड्याच्या रिकाम्या बाटल्या परत न देणारी गिऱ्हाइकं जगभर सारखीच.

आता डबा हातात घेऊ. सगळ्यात आधी वजन. सामान तोलायचा छोटा काटा सोबत ठेवावा. 20 लिटरचा रिकामा कॅन सव्वाचार किलो किंवा जास्त भरला तर पत्रा 0.8 मिलिमीटरच्या आसपासचा आहे. साडेतीनच्या खाली गेला तर तो 0.6 चा किंवा त्याहून पातळ, आणि तो कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये. हिरवा पावडर कोट कशावरही चढतो. अंगठ्याने पोटावर मधोमध दाबून पाहावं. पातळ पत्रा डबीसारखा टकटक करतो. जाड पत्रा हलत नाही, फुलीच्या ठशामुळे आणखीच ताठ राहतो. ती फुली शोभेची नाही. उन्हात आतला वायू फुगला की पोट थोडं बाहेर येतं आणि गार झालं की परत जागेवर बसतं, सांध्यावर ताण येत नाही. म्हणून फुलीचा ठसा उथळ असेल तर तो साचाच नकलेचा समजावा.

मग सांधा. दोन अर्धी कवचं मध्यावर जोडलेली असतात. चांगल्या कॅनमध्ये ही वेल्डिंगची रेघ कडेला खोबणीत आत दडलेली असते, म्हणजे कॅन आपटला तरी मार रेघेला लागत नाही. बोट फिरवत पूर्ण फेरा मारावा. कुठे थेंब साठल्यासारखा फुगवटा, कुठे खड्डा, कुठे रंगाखाली भरलेला लांबी यातलं काहीही लागलं तर तो कॅन परत. सगळ्यात जास्त कॅन बिघडतात ते मुठींच्या जोडापाशी. मुठींची पट्टी कवचाला ठिपक्यांनी वेल्ड केलेली असते. भरलेला कॅन एकाच बाहेरच्या मुठीने उचलून झोके देत नेला की तिथे केसासारखी चीर पडते. मधली मूठ भरलेल्या कॅनसाठी. बाहेरच्या दोन्ही दोघांनी मिळून न्यायला, किंवा एका हातात दोन रिकामे उचलायला.

मुठींच्या खाली कॅनच्या पाठीला उंचवटा असतो. तिथे हवेचा कप्पा राहतो आणि डबा सरळ उभा करून तोंडापर्यंत भरला तरी तो भरत नाही. त्यामुळे भरलेला कॅन पाण्यात पडला तरी तरंगतो. होडीवाल्याला याची किंमत सांगायला नको. तोंडाच्या आत एक बारीक नळी या कप्प्याकडे जाते. ओतताना तिच्यातून हवा आत जाते, म्हणून धार गटगट न करता सरळ पडते. स्वस्त नकलांत ही नळीच गायब असते. बॅटरीच्या उजेडात तोंडातून आत डोकावलं की दिसते, नसेल तर घेऊ नये. ती नसेल तर नरसाळं लावूनही सांडणार, आणि सांडलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावरच पडतं.

झाकणाचा खटका कॅमच्या तत्त्वावर चालतो. दांडा मध्य ओलांडून खाली बसला की पकड घट्ट होते आणि मग आतून दाब आला तरी सुटत नाही. दांडा अलगद बसला तर वायसर झिजलाय किंवा कडी वाकलीय. बसायला हातोडी लागत असेल तर वायसर चुकीच्या जाडीचा आहे. अंगठ्याच्या चांगल्या जोराने बसायला हवा. दांड्याला आडवी खीळ असते, ती साखळीने डब्याला बांधलेली असावी. नसेल तर पहिल्याच आठवड्यात हरवते आणि मग खिळीऐवजी तारेचा तुकडा.

वायसर हे गोव्यातलं खरं दुखणं. साधा काळा रबर पेट्रोलमध्ये फुगतो, मऊ पडतो आणि झाकणाला चिकटून बसतो. पूर्वी नायट्राइल रबरचा वायसर वर्षानुवर्षं टिकायचा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात चांगल्या दर्जाचा नायट्राइल चालतो, हलका लवकर कडक होतो. व्हिटॉन या खास रबराचा मिळाला तर तोच घ्यावा, महाग आहे पण एकदाच घ्यायचा. दुकानदार सगळ्याच रबराला नायट्राइल म्हणतो. ओळखायची साधी पद्धत अशी: वायसरचा तुकडा कापून बाटलीच्या झाकणात पेट्रोल घेऊन दोन दिवस बुडवून ठेवावा, अर्थात उघड्यावर आणि विस्तवापासून दूर. दुप्पट जाड झाला तर तो साधा रबर.

आता कंडम मालाबद्दल. लष्कर जुना माल लिलावात काढतं, त्याची विक्री बरीचशी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून होते आणि भंगारवाले तो टनावर उचलतात. त्यातला कॅन आपल्याकडे सुटा येतो तेव्हा दोन गोष्टी माहीत नसतात: त्यात आधी काय होतं आणि तो कंडम का झाला. पत्रा जाड आणि वेल्डिंग उत्तम असतं, साल ठशात असतं. पण कंडम ठरण्याचं कारण बहुतेक वेळा डब्याच्या आत असतं. चार गोष्टी पाहाव्या.

एक, वास. झाकण उघडून हात पंख्यासारखा हलवून वास घ्यावा, नाक डब्याच्या तोंडात घालू नये. जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा आंबूस वास आला तर आत डिंकाचा थर बसलाय, तो धुऊन निघतो. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा वास आला तर तिथेच सोडून द्यावा.

दोन, अस्तर. आत फिनॉलिक किंवा एपॉक्सीचा तपकिरी-लालसर लेप असतो. मोबाइलच्या उजेडात तो एकसंध दिसायला हवा. खवले निघालेले दिसले तर ते खवले पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसणार. डोळ्याने कळत नसेल तर अर्धा लिटर आजचं पेट्रोल घालून कॅन सगळ्या बाजूंनी फिरवून दोन दिवस ठेवावा आणि पांढऱ्या सुती कापडातून गाळावा. इथेनॉल जुना लेप सैल करतं, त्यामुळे ज्या कॅनमध्ये पूर्वीचं पेट्रोल दहा वर्षं गुण्यागोविंदाने राहिलं तोच ई-20 मध्ये खवले सोडतो. कापडावर लाल भुकटी म्हणजे गंज, पातळ चकत्या म्हणजे लेप. भुकटी थोडी असेल तर चालवून घेता येते, चकत्या आल्या तर तो कॅन डिझेललाही नको.

तीन, गळती. पाण्याने काठोकाठ भरून झाकण लावावं आणि जुन्या वर्तमानपत्रावर आधी तोंडावर, मग दोन्ही कुशींवर दोन-दोन तास ठेवावं. कागदावरचा ओला डाग पाण्याच्या थेंबापेक्षा आधी दिसतो. हवेचा कप्पा कुशीवर ठेवल्याशिवाय तपासला जात नाही, आणि नेमका तोच भाग लोक विसरतात. कॉम्प्रेसरची हवा भरून साबणाचे बुडबुडे बघणं धोक्याचं आहे. हा डबा दाबासाठी बनलेला नाही, पोट फुगतं आणि सांधा उसवतो.

चार, बूड. कंडम कॅनचं बूड खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ताजा रंग मारलेला असेल तर शंका जास्त. पेचकसाच्या टोकाने कडेची खोबण टोचावी. गंजाची पापडी निघून टोक आत घुसलं तर पुढचं बोलणंच नको.

गळका कंडम कॅन वेल्ड करून घ्यायचा मोह होतो. पेट्रोलचं पिंप पाण्याने भरून वेल्ड केलं तर चालतं असं गॅरेजमध्ये सांगतात. या डब्याबाबत ते जिवावर बेतू शकतं. कॅन उभा ठेवून कितीही पाणी भरलं तरी वरचा हवेचा कप्पा रिकामाच राहतो आणि जुनी वाफ नेमकी तिथेच असते. ज्या गुणामुळे कॅन तरंगतो तोच गुण वेल्डरच्या हाताखाली बाँब होतो. गळका कॅन भंगारात द्यावा. एपॉक्सीचं ठिगळ आणीबाणीत घरी पोचेपर्यंत ठीक, पेट्रोलमध्ये ते फार टिकत नाही.

नव्या मालात दोन जाती आहेत: आत लेप असलेला आणि आत जस्त चढवलेला. दुकानात जस्तवाला चकचकीत दिसतो आणि 'गंजत नाही' म्हणून विकला जातो. पेट्रोलला तो काही काळ चालतो. डिझेलला अजिबात नको. डिझेल जुनं होताना त्यात आम्लं तयार होतात, ती जस्ताशी मिळून साबणासारखा चिकट पदार्थ बनतो आणि फिल्टर, पुढे इंजेक्टर, तुंबतात. जनरेटर पावसाळ्यात नेमका लाइट गेल्यावर बंद पडतो, मेकॅनिक फिल्टर बदलून जातो आणि महिन्याने पुन्हा तेच. दोष कॅनचा असतो, शिव्या पंपाला बसतात.

कायद्याची बाजू साधी आहे, पण दुकानदार सांगत नाही. पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेलं 'अ' वर्गाचं पेट्रोलियम, म्हणजे पेट्रोल, एका माणसाजवळ 30 लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवं. धातूचं भांडं 25 लिटरपर्यंत, काचेचं किंवा मातीचं 1 लिटरपर्यंत. त्या यादीत प्लास्टिक नाही. म्हणजे 20 लिटरचा एक भरलेला लोखंडी कॅन बसतो, दोन भरलेले बसत नाहीत, कारण 40 लिटर झाले. जीपच्या मागे दोन्ही बाजूंना दोन हिरवे कॅन लावून फोटो काढणाऱ्यांनी दुसरा रिकामाच ठेवावा. डिझेल 'ब' वर्गात येतं, तिथे परवान्याशिवायची मर्यादा 2500 लिटर आहे आणि एक भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नको. पंपवाला सुटं पेट्रोल द्यायला कां कूं करतो तेव्हा लोखंडी कॅन दाखवला की बोलणं निम्मं सोपं होतं. रेल्वेत मात्र भरलेला कॅन नेता येत नाही.

भरताना कॅन जमिनीवर ठेवावा, पिकअपच्या रबरी मॅटवर किंवा प्लास्टिकच्या हौद्यात नाही. नळीचं तोंड कॅनच्या काठाला टेकलेलं राहू द्यावं, म्हणजे साचलेली स्थिर वीज धातूतून निघून जाते. पेट्रोल 19 लिटरवर थांबवावं. पेट्रोल दर अंशाला साधारण 0.1 टक्का फुगतं. सकाळी 25 अंशांत भरलेला कॅन दुपारी जीपच्या मागे 45 ला गेला तर 400 मिलिलिटर जागा लागते. वाफेचा दाब त्यावर वेगळा. उन्हातून आणलेला कॅन उघडताना झाकणावर फडकं टाकून दांडा अर्धाच उचलावा, फुस्स होऊ द्यावं आणि मग पूर्ण उघडावं.

ओतायची तोटी वेगळी विकत घ्यावी लागते. खटक्यात बसणारी लवचिक धातूची तोटी चांगली, पण तिचाही एक वायसर असतो आणि नेमका तोच पाकिटात नसतो. ओतताना कॅनची मूठ आणि तोटीची हवेची नळी वरच्या बाजूला राहील असं धरावं. उलट धरलं की नळीत पेट्रोल शिरतं आणि धार अडखळते. टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी 50 ला 1 मिश्रण हवं असेल तर 20 लिटरला 400 मिलिलिटर तेल. आधी पाचेक लिटर पेट्रोल, मग तेल, मग झाकण लावून कॅन चारपाच वेळा कुशीवर लोळवावा, आणि मग उरलेलं पेट्रोल. आधी तेल टाकलं तर ते बुडाला बसतं आणि पहिली टाकी कोरडी, शेवटची धुरकट जाते. या हिशेबात 19 लिटरची शिस्त मोडायची नसेल तर 380 मिलिलिटर तेल पुरे.

होडीत कॅन कधीही बंद कप्प्यात ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि पाणी उपसायच्या पंपाची एक ठिणगी पुरते. मागच्या बाजूला उघड्यावर, उभा, पट्ट्याने आवळून. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवाव्या म्हणजे बूड खाऱ्या पाण्यात बसत नाही. जीपच्या कंसात, म्हणजे कॅन अडकवायच्या चौकटीत, कॅन खडखडतो आणि जिथे घासतो तिथला रंग जातो, तिथूनच गंज धरतो. कंसाला 3 मिलिमीटरचा रबर आतून चिकटवावा. मागच्या दारावर कॅन लावायचा असेल तर बिजागरीवर 20 किलो कायमचे लटकणार हे धरून चालावं. अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवर दार सैल होतं, ते याच कारणाने.

प्लास्टिकच्या कॅनवर फार लिहायला नको. जाड एचडीपीईचा नवा कॅन डिझेलला दोन-तीन वर्षं ठीक, मग उन्हाने ठिसूळ होतो. पेट्रोल त्याच्या भिंतीतून हळूहळू वाफ होऊन निघून जातं, घरात वास येतो तो त्याचाच. औद्योगिक वसाहतींतून बाहेर पडलेले रसायनांचे निळे-पांढरे कॅन धुऊन विकले जातात, ते इंधनाला नको आणि पाण्याला तर नकोच. पाण्यासाठी अन्न दर्जाचा नवा प्लास्टिक कॅन घ्यावा. जर्मन लष्कराने पाण्याच्या कॅनवर मोठी पांढरी फुली रंगवायची पद्धत ठेवली होती. घरात दोन कॅन असतील तर आजही एवढी खूण करावी. अंधारात, पावसात, लाइट गेलेली असताना हात चुकतो.

आता पावसाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि होडीचे कॅन दोन महिने पडून राहतात. अर्धा भरलेला कॅन ठेवणं सगळ्यात वाईट. उघडझाक करताना शिरलेल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं, पुरेसं पाणी झालं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा बसतो. कितीही हलवलं तरी ते पुन्हा मिसळून राहत नाही आणि इंजिन पहिल्यांदा तोच थर ओढतं. मे अखेरीस पेट्रोल वापरून संपवावं किंवा गाडीच्या टाकीत ओतावं. कॅन उलटा करून सावलीत वाऱ्यावर अर्धा दिवस निथळू द्यावा, मग 100 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल आत घालून सगळीकडे फिरवावं आणि उरलेलं काढून घ्यावं. झाकण टेकवून ठेवावं पण दांडा आवळू नये. दोन महिने दाबून राहिलेला वायसर चपटा होतो आणि ऑगस्टमध्ये गळायला लागतो. बुडाच्या खोबणीवर जस्ताचा प्राइमर आणि त्यावर रंगाचा हात. ठेवायची जागा चिऱ्याच्या ओल्या जमिनीवर नको, फळीवर हवी.

जनरेटरचं डिझेल पावसाळ्यात भरलेलंच ठेवावं लागतं, तिथे वेगळी काळजी. तळाशी चमचाभर पाणी साचलं तरी पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात जंतू वाढतात आणि काळी शेवाळी बनते. कॅन हलवून लगेच ओतू नये. रात्रभर उभा ठेवावा, शेवटचा अर्धा लिटर टाकीत ओतू नये, तो काचेच्या बाटलीत काढून बघावा. खाली पाण्याचा थेंब किंवा काळा धागा दिसला तर कॅन धुवायची वेळ झाली. धुताना साखळी किंवा खडी आत टाकून हलवायची पद्धत लेप नसलेल्या जुन्या डब्याला ठीक, लेपवाल्याला तिने जन्माचा गंज लागतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण, तीन वेळा खळबळून, प्रत्येक वेळी कॅन पूर्ण उलटा करून, नाहीतर हवेच्या कप्प्यातला मळ तसाच राहतो.

भावाचं म्हणाल तर तो पत्र्याच्या जाडीवर आणि तोटी सोबत आहे की नाही यावर ठरतो, 'मिलिटरी' या शब्दावर नाही. कंडम कॅन नव्याच्या निम्म्या भावात मिळाला तरच घ्यावा, कारण त्याला वायसर, प्राइमर, रंग आणि एक दिवसाची मेहनत वर लागते. कोणताही घेतला तरी त्याच दुकानातून, त्याच झाकणाला लावून बघून, दोन वायसर आणि एक खीळ जादा घ्यावी. साच्यासाच्यात तोंडाचा व्यास एखाद-दोन मिलिमीटरने वेगळा असतो आणि दुसऱ्या दुकानातला वायसर बसतोय असं वाटतं, पण बसत नाही.